खळ

मे सरता सरता खळीची बादली घेऊन
मी कळव्याची चढण चढतो,
पारसिकच्या अंगावर टेकलेली चौऱ्याऐंशी दारं.
एकच मजकूर:
दरडप्रवण क्षेत्र. जागा तात्काळ रिकामी करावी,
अन्यथा जबाबदारी आपली राहील.

शेवटच्या दारात झुंबरबाई.
गेल्या सालची नोटीस तिनं डब्यांखाली अंथरलीय.
"दरसाली कागद आणता, साहेब,
एखाद्या साली चावी आणा."

मी साहेब नाही. मुकादम आहे.

त्या जुलैत वॉर्डातून निरोप होता: घबराट नको.
डोंगरातलं पाणी मात्र लाल येत होतं.
रात्री दीडला मी पत्रे बडवले.
पोरं, गॅसच्या टाक्या, एक गाभण शेळी,
सगळे शाळेच्या बाकांवर, उजाडेपर्यंत.
काही पडलं नाही.
सकाळी मला जी शिवी मिळाली
तिच्यावर जावक क्रमांक नव्हता.

यंदा निवडणूक. नोटिसा छापल्याच नाहीत.
झुंबरबाई नाक्यावर भेटली, पिशवीत शेपू.
"कागद आला नाही अजून?"
म्हणाली, आणि वर बघितलं.
मीपण.

घरी येऊन मैद्यात पाणी ओतलं,
गॅसवर ढवळत राहिलो,
गुठळी होऊ नये म्हणून.