निचरा

काउंटीच्या नकाशात या टेकडीला दोन ओळी दिल्यात:
पोयटा, खोल, चांगल्या निचऱ्याची.
उतार शंभरास नऊ ते पंधरा, तोंड पॅसिफिककडे.

पुढचं हातांनी वाचायचं.
चिमूटभर घेतो, थुंकीने भिजवतो,
अंगठ्याने तर्जनीवरून पट्टी काढत नेतो.
नखाएवढी होते आणि मोडते.
चिकण असती तर लोंबली असती,
निव्वळ वाळू असती तर झालीच नसती.
मग दाताखाली. आधी थोडी कचकच,
मागून जिभेवर पिठासारखं काही.
(घरी हे सांगत नाही.)

वरचा हातभर थर काळपट तपकिरी,
रानटी ओटच्या मुळांनी विणलेला,
गोफर उंदरांनी पुन्हा उसवलेला.
खाली रंग उजळत जातो,
कंबरेइतक्या खोलीवर पिवळा, कुजका वालुकाश्म,
कुदळीला लगेच हो म्हणणारा.
कुठे करडा डाग नाही, गंजाचा ठिपका नाही.
म्हणजे पाणी येतं इथे,
पण मुक्काम करत नाही.

ओलिंपिया सिल्व्हेरा कुंपणाशी उभी,
पायात रबरी बूट, अंगात मेलेल्या नवऱ्याचं जाकीट.
"नापास होईल," म्हणाली, "इथे सगळं तुंबतं."

लीलँडला, तिच्या मुलाला, टेकडी विकायची होती
शहरातल्या कुणा दातांच्या डॉक्टरला.
घर बांधायचं तर संडासाचं पाणी मुरायला हवं,
मुरतं की नाही हे सांगायला मी.

सोमवारी सहा खड्डे खणून ठेवले.
नियम असा, की मोजणीआधी ते रात्रभर भिजवायचे.
माझी पाण्याची टाकी वाटेतच गळून रिकामी झाली होती.
मंगळवार फुकट जाणार म्हणून चरफडत आलो
तर धुक्यात गवतावर हातगाडीची चाकोरी,
सायप्रसखाली आडवा दुधाचा कॅन,
सहाही खड्ड्यांच्या कडा काळ्याभोर ओल्या.

एक्क्याऐंशी वर्षांची बाई
रात्रभर टेकडी चढत राहिली होती,
तिला बुडवायला.

नियमाचं मी बोललो नाही.
पाणी ओतलं, पट्टी टेकवली, घड्याळ पाहिलं.
तिने बादली उपडी केली, शेजारी बसली.
दहा मिनिटांत एक इंच.
पुन्हा दहा, पुन्हा इंच.
घटाघटा नाही, कुथतही नाही,
विचार करत कुणी प्यावं तसं.

वारा समुद्रावरून आला, धुकं जरा फाटलं.
"एके वर्षी सतरा दिवस पाऊस धरला होता," ती म्हणाली.
"गोठ्याशी गायी गुडघाभर चिखलात.
इथे वर मात्र सासऱ्यांचे बटाटे,
एक सडला नाही, एकसुद्धा..."
आणि थांबली.
पट्टीकडे बघत राहिली.
पाणी आणखी थोडं उतरलं.

"काय लिहिशील?"
"झालं ते."

तिने मूठभर माती उचलली, दाबली, मूठ उघडली.
गोळा राहिला, चारही बोटांचे ठसे घेऊन.
मग दुसऱ्या हाताच्या बोटाने हलकेच टोचला,
तो सुटला.
"हिला काही धरून ठेवता येत नाही," म्हणाली.

म्हणायचं होतं, तसं नाही बाई.
सगळं वाहून गेलं तरी प्रत्येक कणाभोवती
एक ओला पापुद्रा उरतोच,
जुलैपर्यंत गवत त्याच्यावर तगतं.
पण मी काउंटीचा माणूस, पेन्सिल हातात,
सहाव्या खड्ड्याचा आकडा बाकी.

कॅन उचलून ती उतरायला लागली,
कुंपणापाशी वळली.
"जाताना ते खड्डे बुजव हं,
गायी पाय मोडून घेतील."

गायी विकून बारा वर्षं झाली होती.
मी सगळे बुजवले.
काढलेली माती परत पुरली नाही, कधीच पुरत नाही.
शेवटच्या खड्ड्यासाठी
बुटांची चिकटलेलीही झटकून टाकली.