कल्ले

मोजमाप मी नेलं होतं गरीच्या दोऱ्यावर.
होडीच्या मागच्या फळीपासून तळापर्यंत
दोन विती, चार बोटं कमी.
तिथे एक गाठ.
नवऱ्याकडे दोरा नव्हता, आकडा होता: पंधरा.
पुतण्याच्या इंजिनाला पंधरा घोडे,
म्हणून ह्यालाही पंधरा.

मडगावात, खारेबांदावर, कुस्तोदच्या दुकानात
इंजिनं ओळीने टांगलेली,
शेपटीला धरून इसवण टांगावी तशी.
टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, रॉकेल, पेट्रोल,
तासाला किती पितं, किती ओढतं,
पुरुषांचे घोडे मोजून संपेनात.
मी स्टुलावर बसून लिंबूसोडा प्याले.
कोपऱ्यात गोणपाटावर एक दिसलं,
नव्यासारखं, निम्म्या किमतीचं.
'कारवारच्या माणसाचं. एकच हंगाम वापरलंय.
सोयरूबाब, तुझ्याच नशिबाचं.'

मी म्हटलं, टोप काढ.
कशाला गे बाये?
बावीस वर्षं चावडीच्या बाजारात बसते,
कल्ले उघडल्याशिवाय मासा घेत नाही.

टोप निघाला. आत लालभडक.
इतकं लाल
की मला बर्फ संपलेली एक सकाळ आठवली,
दोन दिवसांची तांबोशी,
आणि शेजारणीने पदराआडून दिलेली रंगाची पुडी.
एकदाच. सासू इस्पितळात होती तेव्हा.
बँकेतला माणूस होता, खूश होऊन गेला.
अजून कधी कधी वजन करताना
तो तागडीच्या पलीकडे उभा असतो.

रंग ताजा असेल तिथे मी नख लावते.
लावलं.
खाली पांढरं. पाणी जायच्या वाटेत
मीठ बसलेलं, घट्ट,
घशात काटा अडकावा तसं.
जिभेला लावून पाहिलं: समुद्रच.
कुस्तोद हसला, टोप बसवला,
आणि पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून
भाव बोलू लागला.

नवं घेतलं. आठ घोड्यांचं, आखूड पायाचं.
पंधराला आमची फळी फाटली असती,
धाकटी जन्मली त्या वर्षीची ती,
आणि धाकटी आता बारावीला.
लांब पाय तळपणच्या तोंडाशी
ओहोटीला वाळूत रुतला असता.
हे काही मी बोलले नाही.
गाठ दाखवली फक्त.
नवरा बाहेर जाऊन उभा राहिला,
विडी तोंडात, न पेटवलेली.

साखळी सोसायटीत, भिशी उचललेली, वर तेरा हप्ते.
माझ्या नोटा मोजताना
कुस्तोदला बोट ओलं करावं लागलं नाही.

ह्या कुशीवर झोपवा, त्या कुशीवर नको,
तेल डोक्यात जाईल, त्याने बजावलं.
करमल घाटात पिकअप वळली की
नवऱ्याचा हात आपोआप त्याच्या डोक्याखाली.
माझ्याशी बोलत नव्हता.
हात मात्र काणकोणपर्यंत काढला नाही.

अंगणात पिंप भरून चालू केलं.
तिसऱ्या ओढीला खोकलं,
आणि बगलेतून बारीक धार सुटली, सरळ,
माडाच्या आळ्यात.
'मुततंय बघ,' तो म्हणाला.
खारेबांदापासूनचा पहिला शब्द.

पहाटे वल्ही भिंतीला टेकून ठेवलेली दिसली.
खांद्यावर घेऊन गेले, होडीत टाकली.
त्याने पाहिलं.
पाय सरकवून जागा केली.

ऊन वर आलं तेव्हा पाच होड्या एकदम खाडीत शिरल्या.
आमचा आवाज कुठला ते कळेना,
कान बसायचा आहे अजून.
पाटी ओली करून ठेवली.
वहीत लिहिलं:
पेट्रोल, एक लिटर.
म्हणजे आजच्या भावाने अकरा बांगडे,
मध्यम.