चाळीस प्रती

नोटीस माझ्याच मशीनवर निघाली.
शिपाई सदू म्हणाला, चाळीस काढ, टोनर जरा कमी मार.
'मुलींचा हॉकी संघ पुढील वर्षापासून
पुरेशा प्रतिसादाअभावी...'
पुढचं वाचलं नाही. कागद गरम होते.
सगळेच कागद गरम निघतात, त्यात विशेष काही नाही.
एक प्रत जास्त निघाली, ती ठेवून घेतली.

डिचोलीत हॉकी कोण बघतं?
बारा मुली, एक बर्बोझ सर,
आणि कॉलेजमागचं तांबडं मैदान,
जिथे चेंडू खड्यावर आपटून कुठे जाईल
ते त्या खड्यालाच ठाऊक.
गेल्या साली पेडेला नऊ गोल खाल्ले.
मी होतो तिथे, कुंपणाला टेकून.
सातव्यानंतर घड्याळ बघितलं
आणि शेजारच्याला म्हणालो,
ह्यांचं काही खरं नाही.

ह्यांचं.
तो शब्द पुढे मला फार जड गेला.

नोटीस लागल्याच्या चौथ्या दिवशी
रोशेल कुलासो दुकानात आली.
गोलकीपर. नऊच्या नऊ हिच्याच मागे जाळ्यात गेलेले.
म्हणाली, काका, अर्ज टाइप करून जाय, पैसे शनिवारी.
अर्जात 'खेळ' सहा वेळा होतं
आणि 'कृपया' एकदाच.
मी दुरुस्त केलं नाही.

मग एक वर्ष.
म्हणजे पोदेराचा भोंगा वाजण्याआधी
मैदानावरून येणारी टक् टक्.
सुलक्षा मळीक मयेहून सायकलने यायची,
पाठीला स्टिक बांधून.
माजिकांच्या जुळ्यांची नावं मी अजून उलटसुलट घेतो.
त्यांच्या बापाचा ट्रक खाण बंद पडल्यापासून दारात उभा,
त्याचे टायर काढून मैदानात मांडले,
त्यांतून ह्या पोरी उड्या मारत धावायच्या.
बर्बोझ सर चिडले की ओरडायचे,
खूश असले की गप्प.
त्या वर्षी दिवसेंदिवस
सरांचा आवाजच ऐकू येईना.

आणि परवा फायनल. पुन्हा पेडे.
पाणी मारलेला निळा टर्फ,
मध्यांतराला शून्य-तीन.
माझा हात घड्याळाकडे गेला.
खोटं कशाला बोलू, गेला.

पहिला गोल मी पाहिलाच नाही,
चहावाल्याशी सुट्यांवरून वाद चालला होता.
दुसरा सुलक्षाचा, पेनल्टी कॉर्नरवर,
फळीवर असा वाजला की
झाडावरचे कावळे उठले.
तिसरा जुळ्यांपैकी एकीचा;
दोघीही आपलाच म्हणतात, आणि बापाला कोणाचीच बाजू घेववत नाही.
चौथा कसा झाला ते लोक तुम्हाला सांगतील,
प्रत्येकजण वेगळं सांगेल.

मला मात्र त्यानंतरचं दीड मिनिट आठवतं.
रोशेलचा डावा पाय,
टर्फवर आडवा पसरलेला,
आणि त्या पॅडला लागून
हताश बाहेर जाणारा चेंडू.
तेव्हा घड्याळ बघायचं मला सुचलं नाही.

आज सकाळी सदू आला. सत्काराची नोटीस.
दोनशे काढ म्हणाला, आणि टोनर भरपूर मार.
मी काढल्या. ह्याही गरमच निघाल्या.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.
शिट्टी वाजल्यावर रोशेल कुंपणापाशी आली,
हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले,
आणि एरवी माझ्याशी कोकणीत बोलणारी ती पोर
मराठीत म्हणाली,
काका, आपण जिंकलो.

आम्ही नव्हे. आपण.
आम्ही म्हणायचा तिला पुरता हक्क होता.
मी तर स्टिक कधी हातात धरलेली नाही,
फार तर अर्जाचे चार रुपये सोडले असतील.
तिची मराठी शाळेपुरती.
ह्या दोन शब्दांत केवढं अंतर आहे
हे तिला ठाऊकही नसेल कदाचित.

मी दुरुस्त केलं नाही.