डाव्या कडेवर

भावजयीचा नाही, कुंत्याचाच फोन आला पुण्याहून:
"आक्का, एखादी बाई बघ की गावाकडची,
पोरं सांभाळायची सवय असलेली.
आठ तास. रविवार सुट्टी. पगार चांगला देतो."

हुपरीत तेव्हा आमच्या घरात
किलोनं पैंजणं असायची, एकही आपलं नाही.
आई घुंगरं जोडायची. तोंडात फुंकणी,
पुढं दिव्याची निळी जीभ, शेजारी तेजाबाची वाटी.
रांगतं पोर त्या खोलीत चालत नव्हतं.
दुसऱ्या खोलीत आप्पा, इचलकरंजीची रातपाळी करून झोपलेले.
तिथं रडणं चालत नव्हतं.
आजी वाटणीत थोरल्या काकांकडं गेलेली.
भांड्यांच्या, म्हशींच्या यादीत
तिचं नाव कुणी लिहिलं नव्हतं, पण गेलेली.

उरले मी. तिसरीतली.

तो कडेवर, मी उंबऱ्याबाहेर.
बस्तीच्या पायरीपासून उसाच्या वजनकाट्यापर्यंत
कुठली सावली किती वाजता सरकते
हे मला पाठ होतं. पाढे नव्हते.
जिबलीत त्याच्यासकट एका पायावर उडायचे,
पोरी म्हणायच्या, दोघांच्या वजनानं रेघ पुसते, तू नको.
शाळेत बाईंनी त्याला टेबलाखाली
पोत्यावर झोपू दिला वर्षभर.
मग बाईंची बदली झाली,
आणि माझी चौथी तिथंच राहिली.

संध्याकाळी पेढीवरचा माणूस यायचा, माल तोलायचा,
केरातली चांदीसुद्धा तोलून न्यायचा.
एकदाच, तो यायच्या आधी,
आईनं एक जोड कुंत्याच्या पायात चढवला.
चार पावलं वाजली. पाचव्याला बसला.
काढला, पुसला, पुडीत बांधला.
"कुणाला बोलायचं न्हाई."
बोलले नाही. त्यालासुद्धा.

परवा ब्लाउजचं माप घेताना
शिंपीण टेप धरून थांबली:
"डावी बाजू वर हाय वो तुमची. कुठं पडला हुता काय?"
"न्हाई," म्हटलं, "तसंच वळण हाय."

"आहे का कुणी नजरेत?" कुंत्या विचारतोय.
मागं त्याची लेक रडतेय,
अगदी ह्याचाच सूर, वरचे दात येतानाचा.
"गाजर गार करून दे तिच्या हातात," म्हटलं,
"आणि आडवी धरू नकोस, उभी धर."
"हां. आणि बाईचं?"

कंबर भिंतीला टेकवली जरा.
"बघतो," म्हटलं.