नाव काढणं

सकाळी आठला मी ते नाव पुकारलं.
यादीत होतं, म्हणून.
तीन आठवड्यांमागे गेलेला माणूस
यादीतून जायचा राहिला होता:
गुरुवार, डायलिसिस, खुर्ची क्रमांक दोन.

बाकांवर अकरा जण.
कुणी ओरडलं नाही.
एका बाईनं तोंडावर हात ठेवला,
एका म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली
आणि सगळे उठून चालू लागले
वाळवंटाच्या लाल मातीत.
एका मुलाचं बँडेज अर्धंच बांधून झालं होतं,
पट्टी उंबऱ्यावरून
त्याच्यामागे सरपटत गेली.
मला वाटलं, आग लागली.

एल्सपेथ नाकामारा दुपारी आली
शंभर किलोमीटरवरच्या शोकतळावरून.
दवाखान्याची प्रमुख होऊन तिला चार महिने झालेले.
मी माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती.
ती म्हणाली, चहा टाक.
मग म्हणाली, त्याचं नाव काढ.
मी गोंधळलो.
नाव काढायचं नसतं, एवढंच तर नुकतं कळलं होतं.
"कॉम्प्युटरमधून रे."
काढलं.
कॉम्प्युटरनं विचारलं: नक्की?

आतल्या खोलीत डॉक्टर, ॲडलेडचा,
नेमका त्याच नावाचा.
ती त्याच्या बिल्ल्याकडे पाहत राहिली.
तो आधी हसला.
मग त्यानं छातीवरची पिन उघडली.
तेव्हापासून तो कुमन्जायी,
मरणानं ज्यांची ज्यांची नावं उसनी नेली
त्या सगळ्यांचं मिळून असलेलं नाव.
त्याची आई फोनवर जुन्या नावानं हाक मारते
तेव्हा तो दार लावून घेतो.

ओल्या पानांचा धूर खोल्याखोल्यांतून फिरवायचा होता.
डार्विनहून अग्निसुरक्षेचा माणूस म्हणाला,
छतावरचे भोंगे बंद करायचे तर फॉर्म भरा, कारण लिहा.
एल्सपेथनं लिहिलं, निर्जंतुकीकरण,
आणि खाली सही केली.

मी सुचवलं, नावं नकोत तर नंबर देऊ,
बँकेत असतात तशी टोकनं.
ती बराच वेळ बोलली नाही.
"माझ्या आजीला नंबर होता.
मिशनच्या कांबळ्यावर, पिठाच्या पोत्यावर. सव्वीस.
माझी आई झाली, तिला सव्वीस-अ."
टोकनांचा खोका मी न फोडता परत पाठवला.

नावं ठेवण्यात आम्ही पटाईत.
रजिस्टरात ठेवली, रजिस्टराबाहेरही ठेवली:
गोळ्या न घेणारे, वेळ न पाळणारे,
न सांगता निघून जाणारे.
ते सांगूनच जात होते, त्या सकाळसारखे.
आम्ही मान वर केली नव्हती.

आता मी खुर्चीतून उठतो,
बाकापर्यंत जातो,
समोर उभा राहत नाही, शेजारी बसतो,
दोघं मिळून त्याच दाराकडे बघत असल्यासारखा.
आधी कुत्र्याची चौकशी.
मग ओठांनीच खोलीची दिशा दाखवतो
(हे मला अजून नीट जमत नाही, मुलं हसतात).
माणसामागे सहा मिनिटं जास्त लागतात.
तिमाही अहवालात ती लाल रंगात येतात.
तो अहवाल घेऊन एल्सपेथ डार्विनला जाते,
तिथं काय होतं सांगत नाही,
आल्यावर म्हणते, चहा टाक.

अर्ध्या बँडेजचा मुलगा एकोणीस दिवसांनी आला.
जखम चिघळलेली.
धुळीनं पट्टी विटेच्या रंगाची.
मी स्क्रीनवर त्याचं नाव पाहिलं,
जिभेवरही आलं होतं,
थांबलो.
तुला काय म्हणू, विचारलं.
त्यानं एल्सपेथकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही.