उतारा

रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
माझ्या हातात केकचा टायमर.
दोन मिनिटं. एक उतारा. चार प्रश्न.
शलाका वाचते,
मी फक्त वेळ सांगते.

आमच्याकडे उतारा म्हणजे
तिठ्यावर ठेवलेला दहीभात,
वर हळदकुंकू, ओलांडायचा नाही.
हिचे उतारे वेगळे:
मधमाश्यांची भाषा, मिठावरचे कर,
कुठल्याशा कालव्याचा शंभर वर्षांचा जमाखर्च.
हे ओलांडायचेच,
आणि धावत.

उत्तरं तीनच असतात.
खरं. खोटं. सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्यात मी मध्येच बोलायचे.
उतारा खजुराचा होता.
विधान: नर झाडाला फळ धरत नाही.
मी म्हटलं, खरं! बिरकत अल मौजला
सालिमचे मामा कमरेला दोर बांधून चढले होते,
नराचा फुलोरा मादीच्या घोसात खोचत होते,
खालून तुला मीच दाखवलं होतं, तू चार वर्षांची.
"उताऱ्यात आहे का?"
नाही.
"मग सांगता येत नाही."
मला राग आला. खाली पार्किंगमध्ये दोन झाडं उभी आहेत,
चल, दाखवते.
"आई, बाहेरचं काही आत आणायचं नाही."

घ्या.
एकोणीस वर्षांपूर्वी मी या गावात उतरले
ती तीस किलो बाहेरचंच घेऊन:
आमसुलं, सांडगे, पोळपाट,
आणि चिपळूणच्या कॉलेजची गुणपत्रिका,
जी इथे कुणी मागितलीच नाही.

आता शिकलेय. गप्प बसते.
कुंजम्मा विचारते, पोरीचं होणार ना यंदा?
मी म्हणते, उताऱ्यात नाही.
ती बघत राहते, मग चटणीची वाटी परत देते.

साडेनऊला दुक्महून फोन येतो.
स्पीकरवर ठेवायचा, वाचन थांबवायचं नाही,
असं आमचं ठरलंय.
"जेवलो. बरा आहे. वारा फार आहे इकडे."
तीन वाक्यं, रोजची.
मी मनात सोडवते.
माणूस जेवला आहे: खरं.
चांगलं जेवला आहे: सांगता येत नाही.
गोदी आणखी वर्षभर त्याला ठेवील:
इथे मी थांबते, पुढचा प्रश्न घेते.
त्याच्या दोन शब्दांमधली फट मला पाठ आहे,
पण ते बाहेरचं.

चाळीस सेकंद, मी बोटांनी खूण करते.
वीस.
फोन बंद होतो. ती शेवटचं उत्तर दाबते,
पडद्यावरून नजर न काढता म्हणते,
"बाबा दोनदा खोकले. दुसऱ्यांदा फोन लांब धरून."

उताऱ्यात नव्हतं, मी म्हटलं.

"होतं," ती म्हणाली.
"तू वेळ बघत होतीस."