पान बेचाळीस, त्रेचाळीस

तेव्हा माझा वेग मिनिटाला नव्वद शब्द होता.
वेस्ट व्हर्जिनिया, रस्ते खातं, सोनेरी घुमटामागची इमारत,
तळघरातली खोली, वाफेचा पाइप खोकणारा,
आणि मी, व्हर्ना साइझमोर, वय एकतीस.

ऑर्विल टॅकेट पूल तपासून यायचा,
बुटांना चिखल, कानामागे पेन्सिल.
माझ्या टेबलावर सफरचंद ठेवायचा आणि म्हणायचा,
घाई नाही, पूल काही आज पडत नाही.
त्या हिवाळ्यात त्याने असं म्हणणं सोडलं.
सफरचंद ठेवत राहिला.

शेवटच्या अहवालात त्याने लिहिलं होतं:
खांब क्रमांक सहा. पाणी मुरते आहे.
मी आहे तसं टाइप केलं.
मग दोन पानं नुसते आकडे:
किती पोती सिमेंटचे पैसे गेले, किती पोती आली,
आणि मधली पोती
तळ्याकाठच्या कुणाच्या बंगल्याच्या पायात निजली.
नावासकट. हुद्द्यासकट.

फेब्रुवारीतला मंगळवार.
गाडी तळाच्या कोपऱ्यात उभी, इंजिन चालू, वायपर चालू.
पाऊस नव्हता.
पाकीट खिशात होतं. बॅग नव्हती.

हार्लेस नावाचा डिटेक्टिव्ह आला.
कॉफीत दोन चमचे साखर. बाई होती का? जुगार? उधारी?
मी म्हटलं, तो सफरचंदं खायचा.
त्याने ते लिहून घेतलं.
जूनमध्ये त्याला बढती मिळाली, दूरच्या जिल्ह्यात,
आणि मासेमारीची एक होडी,
कुणी दिली ते विचारायला तिथे कुणी नव्हतं.

मग साहेब स्वतः खाली आले. पहिल्यांदाच.
आमच्या दारातून आत यायला त्यांना वाकावं लागलं.
काय काय टाइप करतेस गं तू?
साहेब, मी वाचत नाही, नुसतं टाइप करते.
ते हसले. मीही हसले.
पगार महिन्याला बावीस डॉलर वाढला.
त्या बावीस डॉलरांत मी डेलच्या दातांना तारा बसवल्या.
छान सरळ आले दात.
तो हसला की मी अजून दुसरीकडे बघते.

अहवाल छापला गेला.
एक्केचाळीसनंतर चव्वेचाळीस.
समितीत बारा जण होते, सगळ्यांना आकडे येत होते.

आयसी, त्याची बायको, दर फेब्रुवारीत घुमटाच्या पायऱ्यांवर बसायची.
आधी पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं: कोणी मारलं?
काही वर्षांनी नुसतं नाव.
मग पुठ्ठाही नाही, हातात मोजे, बाजूला थर्मास.
मी मागच्या दाराने घरी जायची.

आमच्या मशीनची फीत एकदाच चालायची.
अक्षर तिच्यावर आपटलं की तिथे अक्षराएवढं भोक,
आणि फीत पुढे.
वापरलेल्या फिती बॉयलरमध्ये टाकायचा नियम होता.
मी सगळ्या टाकल्या.
एक नाही टाकली.

बिस्किटांच्या डब्यात, बटणांच्या खाली, एकोणपन्नास वर्षं.
पुलाला आता साहेबांचं नाव आहे.
सहाव्या खांबावरून ओली रेघ उतरते,
बसमधून दिसते, डावीकडे बसलं तर.

परवा रात्री फीत उलगडून दिव्यासमोर धरली.
फितीवर शब्दांमध्ये जागा नसते:
खांबक्रमांकसहापाणीमुरतेआहे
वाचत वाचत त्या नावाशी आले
आणि दिसलं, मी एक अक्षर चुकवलं होतं.
नव्वद शब्द मिनिटाला, आणि नेमकं तिथेच.
वकील म्हणेल, हा माणूस दुसराच कुणी.
वकील म्हणेलच.

सकाळी आयसीला फोन लावला.
नातीने उचलला. आजी परसात आहे, म्हणाली,
तिला पायऱ्या चढायला वेळ लागतो,
तुम्ही थांबाल का?

रिसीव्हर कानाला लावून उभी आहे.
तिकडे जाळीचं दार वाजलं.